खडा पडला, श्रेय कुणाचं?

आमच्या सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा ४ मिलिमीटरचा मुतखडा परवा पडला आणि लगेच श्रेयवादाची लढाई जुंपली. पुतण्या म्हणाला, बिअर मी पाजली. समोरच्या काकूंनी विचारलं, कुळथाचं कढण रोज कुणी धाडलं? तळमजल्यावरच्या वहिनींनी कुंडीतली बोडकी पानफुटी पुरावा म्हणून आणून ठेवली. एका सद्गृहस्थांनी तर काकांना स्कूटरवर बसवून मुख्य रस्त्यावरच्या सगळ्या खड्ड्यांतून नेल्याचा दावा केला. म्हणजे खडा पाडण्याचं श्रेय थेट महापालिकेला.

५ मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपले आपणच पडतात, ही गोष्ट मात्र कुणी काढली नाही. ती मान्य केली, तर अभिनंदनाचे फलक कुणाचे लावायचे?

श्रेय वाटून झाल्यावर आरोपी ठरवणं आलं. टोमॅटो एकमताने दोषी ठरला. बी टणक, खडाही टणक, एवढा पुरावा पुरला. टोमॅटोची बी आतड्यातून येते तशी निघून जाते, मूत्रपिंडाकडे ती फिरकतही नाही, आणि टोमॅटोत ऑक्झलेटही बेताचंच असतं. पण गरिबाला वकील कुठला?

पडलेला खडा तपासला तर तो निघाला कॅल्शियम ऑक्झलेटचा. बहुतेकांचा तोच असतो. ‘कॅल्शियम’ ऐकताच घरच्यांनी दूध-दही बंद केलं. खरं तर जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि परस्पर शौचावाटे बाहेर काढतं. दूध तोडलं की ऑक्झलेट मोकाट सुटून लघवीत उतरतं. इटलीतल्या डॉक्टरांनी खड्याचा त्रास असलेल्या १२० पुरुषांवर ५ वर्षं प्रयोग केला आणि २००२ साली निकाल छापला. कॅल्शियम तोडलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला; कॅल्शियम नेहमीएवढं ठेवून मीठ आणि मांस कमी केलेल्या ६० जणांत तो फक्त १२ जणांना झाला. आपल्या आज्यांनी पालक ताकात शिजवला, तो काही असा प्रयोग वाचून नव्हे. नव्या पिढीने ताक काढून टाकलं, पालकात बदाम घातले, मिक्सर फिरवला आणि त्याला आरोग्य म्हटलं. पालक आणि बदाम म्हणजे ऑक्झलेटची दोन मोठी कोठारं, तीही उपाशीपोटी.

मग डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी मागवली. पाच लिटरचा पांढरा कॅन फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या डब्याला खेटून बसला आणि त्या दिवशी घरात कुणी श्रीखंड मागितलं नाही. अहवाल आला : लघवी जेमतेम ९०० मिलिलिटर, सोडियम भरपूर, सायट्रेट कमी. म्हणजे पाणी थोडं आणि क्षार फार. अशा दाट लघवीत स्फटिक धरणारच. सायट्रेट असतं तर त्याने कॅल्शियमला बांधून ठेवलं असतं. आणि मीठ? मूत्रपिंड जादा सोडियम बाहेर टाकतं, तेव्हा कॅल्शियमही त्याच्यासोबत लघवीत जातं.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते. आमच्या काकांचा तेवढा कोटा पापड, लोणचं आणि फरसाण दुपारीच संपवतात. पुतण्याच्या बिअरसोबत खारे शेंगदाणे होते, म्हणजे उपचाराबरोबर कच्चा मालही घरपोच. सायट्रेटसाठी लिंबू सरबत घ्या म्हटलं, तर काकांनी त्यातही चमचाभर मीठ ढवळलं.

डॉक्टरांचा सल्ला ऐकून सोसायटी खट्टू झाली. दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या, मीठ आवरा, दही-ताक जेवणासोबत घ्या. ‘एवढी फी घेऊन पाणी प्या सांगितलं?’ सुश्रुताने मुतखड्याची शस्त्रक्रिया करण्याआधी राजाची परवानगी घ्यायला सांगितलं होतं. हल्ली विमा कंपनीची घ्यावी लागते. पाण्याला कुणाचीच लागत नाही, म्हणून त्याला किंमतही नाही.

नाही म्हणायला, परवानगीची अडचण काकूंना आहे. त्या सकाळी डबा घेऊन निघतात, दोन बस बदलतात आणि संध्याकाळी परत येईपर्यंत घोटभर पाण्यावर काढतात. कारण वाटेतल्या स्वच्छतागृहाला कुलूप असतं आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नसतं. मुंबईत बायकांना ‘राइट टू पी’ नावाची चळवळ उभारावी लागली, ती काही हौस म्हणून नव्हे. पुढच्या खड्याचे आरोपी शोधताना टोमॅटोच्या शेजारी ते कुलूपही उभं करायला हवं. पण त्या खटल्यात फिर्यादी व्हायला कुणी पुढारी पुढे येणार नाही. उन्हाळ्यात पाणपोई काढली की वर दहा फुटी फोटो लावता येतो. मुतारीवर स्वतःचा फोटो लावून घेणारा नेता महाराष्ट्रात अजून जन्माला यायचाय.