सवलत नाकारणेबाबत

प्रति,
मा. संचालक महोदय,
'स्टॉप-डीजेव्हीयू' खंडणी उद्योग,
मुक्काम : ठाऊक नाही, पोस्ट : इंटरनेट.

विषय : आपण देऊ केलेली ५० टक्के सवलत नाकारणेबाबत.

संदर्भ : आपलं 'रीडमी' नावाचं पत्र, प्रत्येक फोल्डरमध्ये एक प्रत.

महोदय,

स. न. वि. वि.

आपलं पत्र पोहोचलं. खरं तर एकच प्रत पाठवली असती तरी चाललं असतं. पण आपण 'लग्न' फोल्डरमध्ये एक ठेवली, 'गणपती २०१९' मध्ये एक ठेवली, 'आईचे रिपोर्ट'मध्येही ठेवली. इतका चोख पत्रव्यवहार हल्ली नात्यातली माणसंही करत नाहीत.

हे उत्तर मी शेजारच्या काकांच्या वतीने लिहितो आहे. इमारतीत कुणाचाही कॉम्प्युटर बसला की माझ्या दाराची बेल वाजते, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. काका तूर्तास बोलायच्या मनःस्थितीत नाहीत आणि काकू जे बोलताहेत ते छापण्याजोगं नाही.

आधी आपल्या सौजन्याबद्दल आभार. घरातली एकूण एक फाइल कुलूपबंद करून झाल्यावर आपण पहिल्याच ओळीत 'काळजी करू नका' म्हणता, हा धीर फार मोठा आहे. पुढे दर सांगता : ९८० डॉलर. ७२ तासांच्या आत संपर्क साधल्यास निम्मे, म्हणजे ४९०, आमच्या हिशेबाने चाळीस हजारांच्या वर. शिवाय नमुना म्हणून एक फाइल फुकट उघडून द्यायची तयारी दाखवता, फक्त त्या फाइलीत महत्त्वाचं काही नसावं. यावर काकूंचा प्रश्न असा : महत्त्वाचं नसलेलं उघडून घेऊन आम्ही करायचं काय?

आपण आत कसे आलात, याची चौकशी घरातल्या घरात झाली. चिरंजीवांना फोटो सजवायचं एक महागडं सॉफ्टवेअर हवं होतं. ते 'क्रॅक' करून फुकट मिळत होतं. त्यासोबत सूचनांची एक चिठ्ठी होती : आधी अँटिव्हायरस बंद करा, मग फाइलवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करा. चिरंजीवांना अभ्यासाची पुस्तकं दोनदा वाचूनही कळत नाहीत. ही चिठ्ठी मात्र एका वाचनात कळली आणि तंतोतंत पाळली गेली. विंडोजने शेवटचा प्रयत्न म्हणून विचारलं, 'या प्रोग्रॅमला बदल करू द्यायचे का?' चिरंजीवांनी 'येस' दाबलं. तेव्हा आपण घुसखोरी केली असं म्हणणं अन्यायाचं होईल. पहारेकऱ्याला सुट्टी देऊन, दार सताड उघडून, 'या' म्हणून आपल्याला आत घेतलं गेलं.

त्यानंतरच्या आपल्या युक्तीला मात्र दाद द्यायला हवी. आत काम चालू असताना पडद्यावर आपण खोटी खिडकी उघडलीत : विंडोज अपडेट होत आहे, कृपया थांबा. कुणी कॉम्प्युटर बंद करू नये, म्हणून ही सोय. काकांनी ती खिडकी पाहिली आणि 'कुणी हात लावू नका रे, अपडेट चाललंय' अशी ताकीद दिली. याच काकांना खरं अपडेट आलं की ते 'नंतर' दाबतात. वर्षानुवर्षं दाबत आले आहेत. खऱ्या अपडेटला वाटाण्याच्या अक्षता आणि खोट्यापुढे सगळं घर हात बांधून उभं! आमच्या स्वभावाचा एवढा अभ्यास आपण कुठे केलात?

या 'नंतर'वर आपल्या सगळ्या जातभाईंचं पोट चालतं, हे आता आम्हाला कळलं आहे. विंडोजमधलं एक भगदाड बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दिलं. 'वॉनाक्राय' त्याच भगदाडातून १२ मे रोजी आला आणि ब्रिटनमधल्या रुग्णालयांचे कॉम्प्युटरही बंद पाडून गेला. मधले जवळजवळ दोन महिने जगभर लोक 'नंतर' दाबत होते. जून संपता संपता 'नॉटपेट्या' आला. त्याने इतर वाटांबरोबर तीही वाट वापरली, मर्स्क या जहाज कंपनीला झोपवलं आणि आमच्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचंही काम ठप्प केलं. तेव्हा आम्ही बातमी वाचली, 'बापरे' म्हटलं आणि 'नंतर' दाबलं.

महोदय, आपल्या घराण्याचा इतिहासही आम्ही थोडा चाळला. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोघा भावांनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस केला. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये तो जाऊन बसे आणि त्यात भावांनी आपलं नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवला होता! केवढा हा खानदानीपणा. २००० सालच्या मे महिन्यात फिलिपीन्समधून प्रेमपत्र निघालं. नावाला मजकुराची फाइल, पण शेवटी 'व्हीबीएस' असं शेपूट, आणि ते शेपूट विंडोज आपणहून लपवत होतं. लाखो लोकांनी कुणी आपल्यावर प्रेम करतं का, हे पाहायला ती उघडली. ज्याने ते लिहिलं त्याला शिक्षाही झाली नाही, कारण तिथे तेव्हा त्यासाठी कायदाच नव्हता. पुढे आमच्याकडे सायबर कॅफेतून पेनड्राइव्हवर 'न्यू फोल्डर डॉट ईएक्सई' घरी येऊ लागला. दिसायला पिवळा फोल्डर, डबल क्लिक केलं की प्रोग्रॅम. कॉम्प्युटर मंद होई, टास्क मॅनेजर उघडेनासा होई, लोक वैतागत. पण त्यातलं कुणी दमडी मागत नसे. घराण्याला धंद्याचं वळण लावलं ते आपल्या पिढीने.

लाहोरच्या भावांवरून आठवलं. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्त करायचे. पुढे दुरुस्तीला कॉम्प्युटर येऊ लागले आणि त्यात व्हायरस सापडू लागले. धाकट्या संजयने त्यावर औषध लिहिलं, आणि १९९० च्या दशकात त्यातून 'क्विक हील' उभं राहिलं. दोन भावांनी रोग काढला आणि दोन भावांनी त्यावर दुकान काढलं. तेव्हा आपल्या घराण्यामुळे मराठी माणूस धंद्यात उतरला, एवढं पुण्य आपल्या खात्यावर नक्की जमा आहे.

आता मुद्द्याचं. आपली सवलत आम्ही का नाकारतो आहोत, त्याची कारणं अशी.

पहिलं कारण, पैसे भरल्यावर किल्ली मिळेलच याची हमी देणारं आपलं कार्यालय कुठे आहे, हे आम्हाला ठाऊक नाही. जाहिरातीत फोटो असावा, दुकानाला पाटी असावी, असा आमच्याकडे रिवाज आहे.

दुसरं, आपल्या कामात घाई दिसते. लवकर आटोपावं म्हणून आपण प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा साधारण १५० केबीचाच भाग कुलूपबंद करता. छोट्या कागदपत्रांचं त्यात वाटोळं होतं हे खरं, पण लग्नाच्या व्हिडिओसारख्या अजस्र फाइलींचं बाकीचं अंग शाबूत राहतं. दुरुस्तीच्या साधनाने काकांच्या लग्नाच्या दोन व्हिडिओ फाइली उघडल्या. अंतरपाट धरल्याचं गेलं, पण पंगत पूर्ण सापडली. काका म्हणाले, पाहण्यासारखं तेवढंच होतं.

तिसरं कारण मी जरा कौतुकाने सांगतो. आपण कुलूप लावायच्या आधी आपल्या सर्व्हरला फोन करता. तो लागला तर त्या घरापुरती वेगळी किल्ली. नाही लागला तर सोबत आणलेली, सगळ्यांना सारखीच किल्ली. त्या दुसऱ्या प्रकारात चिठ्ठीतल्या ओळख-क्रमांकाच्या शेवटी 'टी१' येतं. ती किल्ली कुणाला सापडली, तर तिने अनेकांची कुलपं उघडतात. न्यूझीलंडच्या एमसीसॉफ्ट कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये आपल्या शंभराहून जास्त आवृत्त्यांवर फुकट उपाय काढला, तेव्हा आपल्याला वाईट वाटलं असेल. काकांच्या क्रमांकाच्या शेवटी 'टी१' नव्हतं. तरीही आम्ही कुलूपबंद फाइली पुसल्या नाहीत. एका वेगळ्या डिस्कवर घालून ठेवल्या आहेत. आज ना उद्या आपल्यातला कुणी पकडला जाईल, किल्ल्या बाहेर येतील. आम्ही थांबू. थांबायचं कसं, ते आपल्याच खोट्या अपडेटने शिकवलं आहे.

चौथं कारण फोटोंचं. ते परत आले ते कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून. रोज पहाटे गुलाबाच्या फुलासह सुविचार टाकणारी आणि आयुष्यात काहीही डिलीट न करणारी नागपूरची मावशी या घरची बॅकअप व्यवस्था निघाली. फोटो बारीक झाले आहेत, पण माणसं ओळखू येतात.

आपल्याला कळवायला हवं असं आणखी एक. आपण एकटे येत नाही, हे आम्हाला समजलं. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलणारा एक भुरटा साथीदार आपण बरोबर आणता, आणि त्याच्याविषयी आपल्या पत्रात अवाक्षर नसतं. लोक फाइलींसाठी रडत बसतात, तोवर तो ईमेल आणि बँकेचे पासवर्ड घेऊन पसार झालेला असतो. म्हणून आम्ही सर्वांत आधी वायफाय बंद केलं, आणि दुसऱ्या फोनवरून ईमेलचा पासवर्ड बदलला. ईमेल ज्याच्या हाती, त्याच्या हाती बाकी सगळं. मग बँकेचे पासवर्ड बदलले, सगळ्या जागी 'सर्व उपकरणांवरून लॉग आउट' केलं आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली. 'आणा इकडे, फॉरमॅट मारून देतो' म्हणणारा एक मुलगा प्रत्येक इमारतीत असतो, तसा आमच्याकडेही आला होता. त्याला चहा दिला आणि थांबवलं. फॉरमॅट मारायचाच होता, पण चिठ्ठी, क्रमांक आणि कुलूपबंद फाइली बाजूला काढल्यावर. आणि नुसता फॉरमॅट मारून चोरीला गेलेला पासवर्ड परत येत नाही.

आपल्या पुढील नियोजनात अडचण येऊ नये, म्हणून या घरातले बदलही कळवून ठेवतो.

१. चिरंजीवांचं खातं आता साधं आहे. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड काकूंकडे असतो. काही बसवायचं असेल तर स्वयंपाकघरात जाऊन कारण सांगावं लागतं. आजवर एकही कारण मंजूर झालेलं नाही.

२. फोटोंसाठी गिम्प आणि कागदपत्रांसाठी लिब्रेऑफिस ही राजरोस फुकट मिळणारी सॉफ्टवेअरं घेतली आहेत. 'अँटिव्हायरस बंद करा' असं जे सांगेल, ते घरात येणार नाही.

३. विंडोजमधला डिफेंडर चालू आहे. फोल्डरमध्ये परक्या प्रोग्रॅमला ढवळाढवळ करू न देणारी त्याची सोय मुळात बंद असते, तीही चालू केली आहे. फाइलीचं शेपूट आता दिसतं. 'फोटो डॉट जेपीजी डॉट ईएक्सई' अशी फाइल आली तर काकासुद्धा ओळखतात आणि सगळ्यांना बोलावून दाखवतात.

४. जुन्या विंडोज १० चा नेहमीचा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. काका ११ वर आले आहेत. 'नंतर' दाबायचं नाही, असं ठरलं आहे. ते पाळलं जाईल का, हे काकांचं काकांनाच माहीत.

५. महत्त्वाच्या फाइलींच्या आता दोन जादा प्रती आहेत. एक क्लाउडवर, दुसरी बाहेरच्या डिस्कवर. ती डिस्क रविवारी जोडतात, प्रत घेतात आणि काढून कपाटात ठेवतात. काढणं महत्त्वाचं, कारण जोडलेल्या डिस्कवर आपण जाता, हे आम्ही जाणतो.

महोदय, या पाचव्या कलमाचं आपल्याला वाईट वाटणार, हे मी समजू शकतो. आपला सगळा व्यवसाय एका गृहीतकावर उभा आहे : माणसाकडे त्याच्या आठवणींची एकच प्रत असते. ते गृहीतक बहुतेक घरांत अजून बरोबर आहे, त्यामुळे आपल्याला लगेच हलाखीचे दिवस येतील असं नाही. पण कपाटातल्या त्या डिस्कची किंमत आपल्या सवलतीच्या दरापेक्षा कितीतरी कमी आहे, ही बातमी एकदा पसरली की ७२ तासांची मुदत कुणाला घालणार?

जाता जाता एक विनंती. कॉम्प्युटर कुठल्या देशात आहे हे आपण आधी तपासता, आणि रशिया, बेलारूस, कझाकस्तान अशी नावं निघाली की काहीही न करता निघून जाता, असं कळतं. आपला इतका जिव्हाळा असलेल्या देशांच्या यादीत भारताचाही विचार व्हावा. आमची शिफारस करायला कुणी मंत्री नाही, पण प्रेमात आम्ही कमी पडणार नाही.

कळावे,

आपला,
ग्राहक होण्यास नकार देणाऱ्या कुटुंबाचा शेजारी

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :

१. राष्ट्रीय सायबर गुन्हे हेल्पलाइन, १९३० (तक्रार नोंदवली आहे.)

२. सोसायटीचा सूचना फलक.

३. चिरंजीव. (पोच म्हणून सही करून परत द्यावी. सही 'नंतर' चालणार नाही.)