चि. बबड्यास, रावेरहून

चि. सोहम ऊर्फ बबड्या कुलकर्णी यास अनेक आशीर्वाद.

'अग्गंबाई सासूबाई' ही तुमची मालिका झी मराठीवर 2019 च्या जुलैत सुरू झाली आणि 2021 च्या मार्चमध्ये संपली. तू मात्र संपला नाहीस. आईच्या हातचं आयतं खाऊन आईलाच दरडावणाऱ्या पोराला आमच्याकडे अजून 'बबड्या' म्हणतात. बारसं न होता इतक्या घरांत नाव लागणं सोपं नाही. अभिनंदन.

तक्रार एवढीच, की लुडबुडीत तू फार कच्चा निघालास. विधवा आई (निवेदिता सराफ) अभिजित राजेंशी (गिरीश ओक) लग्न करायला निघते, सून शुभ्रा त्यासाठी पदर खोचते आणि तू काय करतोस? रुसतोस! मागे संगीत वाजतं, तीनदा तुझा चेहरा दाखवतात, जाहिराती लागतात.

आमच्या रावेरात रुसत नाहीत रे, सातबारा काढतात.

नवरा गेलेल्या बाईच्या मनात दुसऱ्या लग्नाचा नुसता विचार आला, तरी बऱ्हाणपूरचा केळीचा भाव कळायच्या आत ती बातमी भाऊबंदांना कळते. चुलतसासरे येतात, त्यांना तिची काळजी. आत्या येते, तिला पोरांच्या शिक्षणाची काळजी. मामेसासऱ्यांना लोक काय म्हणतील याची, आणि ते लोक म्हणजे तेच. तीन चहा होईपर्यंत जमिनीचं नाव कोणी काढत नाही. चौथ्या चहाला कोणीतरी बशीत फुंकर घालत सहज विचारतं, "मग बागेचं कसं करायचं?" विहिरीत कोणाचा किती हिस्सा, पाइपलाइन कोणाच्या बांधावरून गेली, यंदा घड किती लागलेत, सगळं तोंडपाठ. असे नातेवाईक तुमच्या लेखकाला सापडते, तर 'चार दिवस सासूचे'सारखे तुमचेही तीन हजारांवर भाग सहज झाले असते.

या मंडळींचा कायदा 1856 चा. त्या विधवा पुनर्विवाह कायद्याने लग्नाला मोकळीक दिली, पण लग्न करताच पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क काढून घेतला. पुढे 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला मुलांच्या बरोबरीचा वाटा दिला, आणि एकदा मिळालेला तो वाटा पुन्हा लग्न केलं म्हणून जात नाही. जुना कायदा 1983 मध्ये रद्दही झाला. आमच्या ओट्यावर मात्र तो अजून लागू आहे. ओट्यावरच्या वकिलांना सनद लागत नाही.

खरी गंमत पुढेच आहे. तुमच्या कुलकर्ण्यांच्या घरात जे केवढं धाडस ठरलं, ते खानदेशातल्या कितीतरी जातींत जुनंच होतं. विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागायचा. (त्यात बाईची मर्जी किती विचारली जायची, ते तिलाच ठाऊक.) मग आम्ही शिकलो, केळीच्या पैशावर बंगले बांधले, प्रतिष्ठित झालो, आणि ज्यांच्याकडे बघून प्रतिष्ठा शिकलो, ते विधवांवरची बंधनं सोडू लागले तेव्हा आम्ही ती कौतुकाने घरी आणली. आता बंगल्यात पाटाचं नाव काढलं की म्हातारी माणसंही टीव्हीचा आवाज वाढवतात. आणि टीव्हीवर तुझ्या आईचं लग्न चालू असलं की हीच माणसं डोळे पुसतात!

म्हणून एक विनंती. ये रावेरला, भरीत-पुरी खाऊ घालते. पण एकटा येऊ नकोस, शुभ्राला घेऊन ये. वारस म्हणून आपलं नाव सातबाऱ्यावर लागलंय की नाही, हे बघायला इथल्या काही जणींना तलाठ्याकडे जायचंय, त्यांना सोबत हवी आहे. उतारा हल्ली मोबाईलवरही दिसतो म्हणतात, पण घरातला मोबाईल तुझ्यासारख्यांच्याच हातात असतो.

तुझी,
रावेरची एक मावशी