पातेबहाद्दर

विरार पश्चिमेच्या टॉवरांत दर दोन-तीन विंगांमागे एक पातेबहाद्दर निघतोच. वय पस्तिशीचं, नोकरी अंधेरीच्या बँकेत, आणि मनाने तो कायम घनदाट अरण्यात वाट चुकलेला. बेअर ग्रिल्स बघून बघून त्याची खात्री पटलेली असते की एक दिवस आपला जीव सुरीवरच तरणार. तीही घडीची नाही. तिची खीळ ऐन वेळी दगा देते म्हणे. पातं मुठीत कायमचं बसलेलं हवं.

आमच्या विंगेतला बहाद्दर पाहुण्यांना चहा यायच्या आत ‘फुल टँग’ समजावतो. पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत एकसंध गेलेलं असतं, त्यामुळे मूठ फुटली तरी सुरी शाबूत राहते.

“पण मूठ फुटेल कशाने?” वहिनी विचारतात.

“बॅटनिंगने.”

म्हणजे पातं ओंडक्यावर ठेवायचं, त्याच्या पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकायचं आणि ओंडका चिरायचा. घरात इंडक्शनची शेगडी आहे.

पोलाद निवडण्यात अख्खा पावसाळा गेला. १०९५ कार्बन पोलादाला धार चटकन लागते. पण वसईच्या खाऱ्या, दमट हवेत त्यावर बोंबील वाळायच्या आत गंज चढतो. स्टेनलेस इतकं गंजत नाही, पण “स्टेनलेसचे चमचे असतात,” असा त्याचा निकाल. स्वीडनची मोरा स्वस्त, हलकी, पातळ पात्याची. तिकडचे सुतार आणि भटके तिच्यावर खूश आहेत. याने ती नाकारली. स्वीडनमध्ये आपल्यासारखं जंगल कुठे? अखेर चार मिलिमीटर जाडीचं कार्बनचं पातं घरी आलं. दर रविवारी त्याला खोबरेल लागतं, आणि वहिनींची बाटली महिना पुरत नाही.

कायदाही त्याने वाचलाय, पण अर्धाच. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं शस्त्र नियमांच्या यादीत येतं, म्हणून याने टेप लावून सात इंची घेतलं आणि छाती फुगवून तुंगारेश्वरला निघाला. तुंगारेश्वर २००३पासून अभयारण्य आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत चाकूचं नाव स्पष्ट लिहिलंय आणि लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. तिथे इंचांचा प्रश्नच येत नाही. ज्या जंगलासाठी सुरी घेतली, तिथेच तिला मज्जाव! ही माहिती मीच त्याला दिली. (शेजारधर्म.) त्या दिवशी सुरी गाडीच्या डिकीत राहिली आणि बहाद्दराने देवळामागच्या ओढ्यात पाय बुडवले.

मग कामणदुर्ग ठरला. पावसाळ्यानंतर त्या वाटेवर गवत आणि कारवी अशी माजते की पायवाट सापडत नाही, म्हणून पायथ्याच्या देवकुंडी गावातून एका मामांना सोबत घेतलं. मामांच्या कमरेला आकडी, आकडीत कोयता. ते पुढे सपासप रान तोडत होते. बहाद्दर मागून पात्याच्या उताराचे कोन सांगत होता.

“दादा, तुमचीपन काढा की,” मामा म्हणाले.

“नको. धार जाईल.”

माथ्यावर सुरी निघाली. तिने एक काकडी आणि वसईची सुकेळी कापली. सुकेळी पात्याला चिकटली, तशी ती पुसायला खास आणलेलं मऊ कापड निघालं. मामा तेवढ्यात कोयत्यानेच काडी तासून दात कोरत बसले.

“मामा, हा कुठल्या कंपनीचा?”

“कंपनी कसली? ट्रकचा पाटा मोडला, लोहाराला दिला.”

बहाद्दर उतरताना गप्प होता. रात्री साडेअकराला आमची बेल वाजली. दारात तो, डोळ्यांत तेज.

“पाट्याचं पोलाद! अमेरिकेत त्याला ५१६० म्हणतात. त्याचीच सुरी मागवलीय. फुल टँग!”

ती अजून आलेली नाही. आली की पहिल्यांदा कामणदुर्गावरच न्यायची, असं ठरलंय. वाट काढायला मामांना फोन झालाय, आणि कोयता विसरू नका, असं दोनदा बजावलंय.