आठ वाजून दहा मिनिटांनी वाई

आमच्या मारुती ८०० च्या स्टेअरिंगला दोन दांड्या आहेत. गाडी सरळ चालली असली की त्या घड्याळात पावणेतीन वाजल्यासारख्या दिसतात. त्या रविवारी कात्रजचा नवा बोगदा मागे पडला, रस्ता सरळ झाला आणि माझ्या हातात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

“अहो, आपण वाईला चाललोय ना?” सौ. म्हणाली, “मग हे फलटणकडे का बघतंय?”

भाचीच्या बाळाचं बारसं होतं. मी म्हटलं, रस्त्याला डावीकडे उतार असतो, पाणी वाहून जावं म्हणून. गाडी तिकडे ओढतेच. हे खरं आहे. पण ओढणारी गाडी हात सोडला की बाजूला जाते. आमची मात्र आठ-दहावर नाकासमोर चालली होती. शिरवळला चहाला थांबलो तेव्हा चारही चाकांची हवा तपासून घेतली. हवा चोख होती. पुन्हा रस्त्याला लागलो तरी डावीकडे वळताना दिलेला सिग्नल टिकटिकतच होता. वळण संपलं की तो आपणहून बंद होतो, पण त्यासाठी स्टेअरिंगला पावणेतीनवर परत यावं लागतं.

कारण मला ठाऊक होतं. पंधरा दिवसांपूर्वी डाव्या पुढच्या चाकाखाली खडखड सुरू झाली. टाय रॉड एंड गेला होता. त्यासाठी गॅरेजवाल्याला ३०० रुपये मजुरी कशाला द्यायची, म्हणून मी जॅक आणि रिंग पाना घेऊन पार्किंगमध्ये आडवा झालो. चेकनट ढिला करायचा, जुना एंड फिरवून काढताना फेरे मोजायचे, नवा तितक्याच फेऱ्यांवर बसवायचा. १७ पर्यंत बिनचूक मोजले. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका वाकून म्हणाले, “काय, गाडी विकताय का?” नाही म्हणालो. मग पुढचा फेरा अठरावा की एकोणिसावा, हे काकांनाही सांगता येईना.

यावर मेहुण्याचा फोनवरचा सल्ला असा, की स्टेअरिंगचा मधला नट काढायचा, ते उपटायचं आणि दोन दाते सरकवून सरळ बसवायचं. खंबाटकी घाटात मी त्यावर मनापासून विचार केला. घाटात स्टेअरिंग कधीच सरळ नसतं, त्यामुळे तिथे आमची गाडी इतर कुठल्याही गाडीइतकीच धडधाकट होती. घाट उतरल्यावर पुन्हा आठ-दहा.

सुरूर फाट्यावरून वाईकडे जुन्या वडांच्या सावलीतला रस्ता आहे. अशाच एका वडाखाली टायर टांगलेलं गॅरेज दिसलं. मिस्त्री साठीच्या पुढचे. त्यांनी आधी काही विचारलं नाही, डाव्या टायरवरून तळहात फिरवला, आतून बाहेर आणि बाहेरून आत. “बघा हात लावून.” एका दिशेने गुळगुळीत, दुसरीकडून कानशीसारखं. “चाक आत बघतंय. टायर घासत चाललाय.”

मेहुण्याचा सल्ला सांगितल्यावर ते हसलेही नाहीत. स्टेअरिंग पुरतं डावीकडे नेलं, मग फेरे मोजत पुरतं उजवीकडे, आणि निम्मे मागे आणून सोडलं. पावणेतीन!

“स्टेअरिंग जागेवर आहे, साहेब. रॅकपण मधोमध आहे. खालचा दांडा लांब झालाय. वरचं काढून फिरवलं असतं तर दिसायला सरळ झालं असतं, टायर गेलाच असता. शिवाय एका बाजूला जास्त वळली असती आन् दुसऱ्या बाजूला कमी.”

मग त्यांनी एंड कुणी बसवला ते विचारलं. मी वडाकडे पाहिलं. सौ. ने माझ्याकडे बोट दाखवलं.

मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणली गेली. बाईसाहेबांना, म्हणजे सौ. ला, स्टेअरिंग पावणेतीनवर धरून बसायला सांगितलं. मिस्त्री गाडीखाली गेले, चेकनट सोडला आणि दांडा आत घेतला. दीड फेरा. म्हणजे काकांशी बोलण्यात माझा दीड फेरा गेला होता. बाहेर येऊन त्यांनी २०० रुपये घेतले आणि बजावलं, “सुतळीवर भरवसा ठेवू नका. पुण्यात गेल्यावर मशिनवर अलाइनमेंट करून घ्या.”

बारसं चुकलं, पण जेवण मिळालं. परतताना खंबाटकीच्या बोगद्यातून गाडी सुतासारखी सरळ निघाली. दोन्ही दांड्या आडव्या होत्या आणि मी शीळ घालत होतो. शिरवळच्या पुढे एक खड्डा लागला.

“अहो,” सौ. म्हणाली, “आता उजवीकडे खडखडतंय.”

तो टाय रॉड एंड मी अजून बदललेला नाही.