खबरदारकाका

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींत अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार एवढ्याच पदांचा उल्लेख असला, तरी प्रत्येक संस्थेत एक चौथे पद असतेच. ते निवडणुकीने भरले जात नाही, त्यास वेतन नाही, मुदत नाही आणि त्या पदावरील इसमास बरतर्फ करण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. हे पद खबरदारकाकांचे. सरकारी खात्यातून सन्मानाने निवृत्त झालेला, निजण्यापूर्वी गॅसचा कॉक पुनःपुन्हा तपासणारा आणि लिफ्टमध्ये पाऊल टाकण्याआधी तिच्या परवान्याची तारीख वाचणारा हा गृहस्थ मनाने भित्रा असतो असे मुळीच नाही. जगातील यच्चयावत धोक्यांनी प्रथम आपल्या दप्तरी नोंद करावी आणि मगच अंमलात यावे, एवढीच त्याची माफक अपेक्षा असते.

आमच्या इमारतीतील खबरदारकाकांच्या कारकिर्दीस खरी झळाळी आली ती काकूंनी पॉलिमर क्लेचे दागिने करावयास घेतले तेव्हा. भाचीने आणून दिलेल्या रंगीत वड्यांतून काकूंनी आधी कर्णफुले घडवली, आणि पुढे हात बसल्यावर फ्रिजला चिकटवावयाचे चुंबकी नैवेद्याचे ताटच सिद्ध केले. त्या ताटातील मोदक करंगळीच्या नखावर मावेल एवढा. पण त्याच्या कळ्या काकू सुईच्या टोकाने एकेक ओढून काढीत, आणि तो व्यवहार चालू असेतो घरात कोणी शिंकावयाचे नाही असा दंडक होता. अडचण एवढीच, की ही माती शाडूप्रमाणे वाऱ्यावर वाळत नाही, ती भाजावीच लागते. आणि घरात भट्टी म्हणावी अशी वस्तू एकच, ज्यातून इतकी वर्षे नानखटाई निघत आली तो ओट्याच्या कोपऱ्यातील ओटीजी.

“अगं, नानखटाईच्या भट्टीत हे प्लॅस्टिक भाजणार?” काकांनी हरकत नोंदवली.

“अहो, पाकिटावर बिनविषारी असं छापलंय.”

“रेशनच्या तांदळावर ‘निवडक’ असं छापलेलं असायचं!”

यानंतर काकांनी जे संशोधन केले ते, त्यांच्या विरोधकांनीही मान्य केले पाहिजे, अव्वल दर्जाचे होते. या पदार्थास माती म्हणणे हा केवळ उपचार असून त्यात मातीचा मुख्य वाटा नाही. तो मूलतः पीव्हीसीची भुकटी, म्हणजे सांडपाण्याच्या नळ्यांचा सख्खा भाऊ, आणि तिला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य व रंग यांचे मिश्रण आहे, हे त्यांनी शोधून काढले. हे मऊपणाचे द्रव्य पूर्वी थॅलेट वर्गातील असे व त्याविषयी तक्रारी झाल्यामुळे नामांकित उत्पादकांनी ते वगळले, हेही त्यांनी काहीशा खेदानेच नमूद केले, कारण हातातोंडाशी आलेला एक धोका त्यामुळे खारीज झाला. फिमो नावाच्या जर्मन मातीचे मूळ एका बाहुल्या घडवणाऱ्या घराण्यातील कन्येच्या प्रयोगांत आहे, हे कळल्यावर मात्र ते क्षणभर निवळले. बाहुल्या करणाऱ्या बाईने हलगर्जीपणा केला नसता, असे त्यांचे मत पडले.

मग तहनामा झाला. क्ले भाजताना खिडकी उघडी आणि पंखा चालू असावा. वस्तू गुळगुळीत फरशीवर कागद घालून ठेवावी व तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे झाकण असावे, म्हणजे वाफेचा लेप भट्टीच्या भिंतींवर बसणार नाही. त्याच वेळी आत खाद्यपदार्थ नसावा. आणि जे लाटणे, जी सुरी, जे ताट एकदा क्लेकडे वर्ग झाले ते पुन्हा स्वयंपाकघराच्या सेवेत रुजू होऊ नये. शेजारच्या वहिनींनी प्रसादासाठी क्लेची वाटी मागितली, तेव्हा बिनविषारी म्हणजे हाताळण्यास निर्धोक, जेवण्यास योग्य नव्हे, असा लेखी खुलासा त्यांना पोचता झाला. यातील एकही कलम चुकीचे नव्हते, हेच या माणसाविषयीचे खरे दुःख आहे. दारे लावून डासांची उदबत्ती पेटवणारे आणि फोडणीत मिरची करपून घरभर ठसका उठला तरी वर्तमानपत्रातून मान वर न काढणारे काका, क्लेची भट्टी सुरू होताच नाकाला रुमाल लावून गॅलरीत उभे राहत.

त्यांच्या हातून घडलेले सर्वांत मोठे सत्कृत्य म्हणजे भट्टीत ठेवावयाचा स्वतंत्र तापमापक. जर्मन माती 110 अंशांवर अर्धा तास भाजावी, अमेरिकन माती साधारण 130 अंशांवर, दर सहा मिलिमीटर जाडीस पंधरा मिनिटे, असे पाकिटांवर असते. परंतु ओटीजीच्या खटक्यावरील आकडे हे पुष्कळदा शोभेपुरते असतात, आणि लहान भट्टीत वरच्या तापलेल्या सळईजवळचा मुलूख तर मध्यवर्ती सत्तेस जुमानतच नाही. खटका 130 दाखवीत असताना तापमापकाने आतून 160 ची साक्ष दिली, तेव्हा काकांच्या मुद्रेवर जो आनंद पसरला तो पेन्शन वाढल्याच्या दिवशीही पसरला नव्हता. सुमारे 175 अंशांच्या पुढे ही माती करपू लागते, आणि करपली की हायड्रोजन क्लोराइड वायू सोडते, जो डोळ्यांत, नाकात व घशात ओलावा भेटताच आम्ल होऊन बसतो. काकांनी तापमापकावरील 150 च्या आकड्यावर तांबड्या शाईची रेघ मारली आणि त्यापलीकडे काटा जाऊ देण्यास सर्वांना मनाई केली.

मनाई करणारा अधिकारी स्वतःला ‘सर्वां’त मोजत नसतो. काकूंनी क्ले भाजून काढल्यावर, राहिलासाहिला अंश जळून भट्टी शुद्ध व्हावी म्हणून, ती रिकामी 230 अंशांवर तापवण्याचा परिपाठ काकांनी स्वतःकडे घेतला होता. थंड झालेली भट्टी ओल्या फडक्याने आणि खाण्याच्या सोड्याने पुसली असती तर भागले असते. पण पुसणे हे काम आणि शुद्धीकरण हा अधिकार! एका संध्याकाळी त्या रिकाम्या भट्टीच्या मागच्या कोपऱ्यात, कळ्यांसकट, एक मोदक राहून गेला होता.

आधी आंबूस, मग घशाला नखे लावणारा तो धूर स्वयंपाकघरात पसरला, तेव्हा वर्षभर ज्या क्षणाची तयारी केली तो समोर उभा राहताच काका तहनाम्याचा कागद शोधू लागले. काकूंनी बटण बंद केले, भट्टीचे दार उघडू दिले नाही, खिडक्या उघडल्या आणि काकांच्या दंडाला धरून त्यांना जिन्यात आणून बसवले. अर्ध्या तासाने ते शिंकत शिंकत घरात परतले आणि त्यांनी पंचनामा लिहिला. त्यात मोदक ‘अज्ञात इसमाने’ ठेवल्याचे नमूद आहे.

आता क्लेसाठी दुसरा, जुना ओटीजी गॅलरीत आला आहे आणि क्लेचे काम नसताना तापमापक रिकामा बसू नये म्हणून काकूंनी तो नानखटाईच्या भट्टीत ठेवला. त्याच्या साक्षीने भाजलेली पहिली नानखटाई बुडाला न करपता उतरली, तेव्हा इतकी वर्षे काकांनी आपल्या तुपावर आणि हातावर ठेवलेला ठपका वास्तविक खटक्याचा होता, हे काकूंच्या ध्यानात आले आणि तो शेरा लेखी मागे घ्यावा असा अर्ज त्यांनी रीतसर गुदरला. काकांनी दोन नानखटाया खाऊन अर्ज आवक वहीत चढवला आणि समासात लिहिले : “प्रकरण विचाराधीन. पुराव्यादाखल आणखी चार.”