टायगरचं ताट

5 ऑगस्ट 1974. लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये बेसबॉलचा सामना रंगला होता आणि तो अमेरिकाभर टीव्हीवर दिसत होता. मध्येच अ‍ॅलेक्स स्टाइन नावाचा कॉलेजातला एक पोरगा कुंपणावरून उडी टाकून मैदानात उतरला. सोबत अ‍ॅशली नावाचं व्हिपेट जातीचं कुत्रं, हातात प्लास्टिकच्या चकत्या. याने चकती फेकायची आणि त्याने ताशी पन्नास-पंचावन्न किलोमीटरच्या वेगाने धावत जाऊन, नऊ नऊ फूट उंच उडून ती दातांत धरायची. असं आठ मिनिटं चाललं. खेळ थांबला, खेळाडूही बघत राहिले, आणि मग पोलीस स्टाइनला धरून घेऊन गेले. कुत्र्याने चकती झेलण्याचा खेळ जगाला माहीत झाला तो असा.

आमच्या गोव्यातल्या पेडणे तालुक्यात याची बातमीच झाली नसती. आमच्याकडची टेनिस बॉलची कुठलीही टूर्नामेंट कुत्रं मैदानात आल्याशिवाय पार पडत नाही. एक तर लाँगऑनला झोपलेलंच असतं. त्याला लागून चेंडू अडला तर चौकार द्यायचा की नाही, याचे नियम वाड्यागणिक वेगळे. समालोचक माईकवरून त्याला नावाने हाक मारून बाहेर बोलावतो, ते एक डोळा उघडतं आणि मिटतं, खेळ पुढे चालू. पोलिसांना बोलवावं असं कोणाच्या डोक्यातही येत नाही.

माझ्या पुण्याच्या पुतण्याला हे पटत नाही. तो गणपतीच्या चवथीला आमच्या हळर्ण गावी आला तो बॅगेत एक चकती घेऊनच. निळी, मऊ, कुत्र्यांसाठीची खास. माणसांची कडक प्लास्टिकची चकती कुत्र्याच्या हिरड्या कापते, दात झिजवते, हे त्याने मला आल्या आल्या सांगितलं, प्रवास कसा झाला हे सांगायच्या आधी. मग त्याने आमच्या टायगरकडे पाहिलं. "काकी, याची कंबर बघ! अगदी व्हिपेट!" टायगरची कंबर बारीक आहे हे खरं. पण वाड्यावरच्या प्रत्येक घरी जेवून ती तशी कशी राहते, हे कोडं आम्हाला अजून सुटलेलं नाही.

तर टायगर. मोपाच्या विमानतळावर पहिली विमानं उतरायला लागली त्या सुमाराचा जन्म, म्हणजे वयाने योग्य. वर्ष-दीड वर्षाच्या आतल्या पिल्लाला उड्या मारायला लावू नये, हाडांची वाढ पुरी झालेली नसते. जात कुठलीही नाही. वेग आहे, पण तो दोनच प्रसंगी दिसतो. एक, पाववाल्या पोदेराचा पों पों ऐकू आला की. दुसरा, रेबीजच्या लशीवाले जाळं घेऊन आले की. लस टोचलेल्या कुत्र्याच्या डोक्यावर ते लोक रंगाचा ठिपका लावतात. 2021 साली गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं, ते तसं टिकवण्यात टायगरच्या कपाळावरच्या त्या ठिपक्याचाही वाटा आहे. तो ठिपका लावून घेण्याआधी त्याने त्या लोकांना अख्ख्या मळ्यात पळवलं होतं. पुतण्या ते बघायला इथे असता तर व्हिपेटचं नाव विसरला असता.

चवथ सरली, पुतण्या पुण्याला गेला, चकती माझ्याकडे राहिली. धडे मोबाईलवर यायला लागले.

पहिला धडा सोपा. कुत्र्याला चकतीची गोडी लागायला हवी, म्हणून सुरुवातीला जेवण चकतीतच वाढायचं. दुसऱ्या धड्यात ती चाकासारखी जमिनीवरून घरंगळत सोडायची, म्हणजे ते तिच्यामागे धावायला शिकतं. मग जवळून, कमी उंचीवर फेकायची. उडी वगैरे सगळ्यात शेवटी. पहिला धडा टायगरने एका जेवणात आत्मसात केला. दुसऱ्यात मी चकती अंगणात घरंगळत सोडली. ती तुळशीवृंदावनापर्यंत जाऊन आडवी पडली. टायगर शांतपणे चालत गेला, तिच्यासमोर बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. आता भात वाढा.

तिसरा धडा कुत्र्यासाठी नव्हताच. जाणकार म्हणतात, आधी माणसाने कुत्र्याशिवाय फेकायला शिकावं, नाहीतर माणसाच्या वाकड्या फेकीचं प्रायश्चित्त कुत्र्याची कंबर घेते. चकती उंच जाऊन हवेत तरंगत राहिली की कुत्रं उभंच्या उभं उडतं आणि मागच्या दोन पायांवर आदळतं. सगळा भार पाठीवर आणि गुडघ्यांवर. म्हणून चकती सपाट, खाली, त्याच्या पुढे जाईल अशी हवी, म्हणजे ते धावता धावता झेप घेतं आणि चारी पायांवर उतरतं. अंगठा वर, बोटं खाली, जोर खांद्यातून नाही, मनगटातून. फिरकी पडली तरच चकती स्थिर राहते, नाहीतर डुगडुगत खाली येते. पन्नाशीतल्या बाईने भर सकाळी अंगणात उभं राहून मनगट झटकत बसायचं म्हणजे काय, ते हळर्णमध्ये करून बघावं. रस्त्यावरून जाणारा एकही माणूस गप्प जात नाही. एका आजोबांनी सायकल उभी केली, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "सुण्याक ताट कित्याक उडयता गो?"

पुतण्याचं म्हणणं, मोकळी जागा हवी तर हळर्णच्या किल्ल्यापाशी जा. किल्ल्यापाशी वारा शापोरा नदीकडून येतो आणि मनात येईल तिकडे वळतो. शिवाय त्या जागेला एक इतिहास आहे. 1746 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हा किल्ला सावंतवाडीच्या भोसल्यांकडून घेतला, आणि त्या पराक्रमाबद्दल लिस्बनहून त्याला 'मार्केझ द आलोर्ना' ही पदवी मिळाली. आमच्या गावाचं नाव तिकडे सरदारघराण्याने पिढ्यान्‌पिढ्या मिरवलं, त्यात एक नामांकित कवयित्रीही होऊन गेली. हळर्ण न पाहता हळर्णचे म्हणवून घेणाऱ्यांचं बरं आहे, त्यांना इथे सपाट जागा शोधावी लागली नाही.

कापणी होईपर्यंत मळा मोकळा नव्हता. म्हणून अंगण, आणि अंगणाला लागून शेजारच्या वयनीचं अंगण. मधे आंबा, त्याच्यापलीकडे माड. एकदा चकती माडाच्या चुडतांत अडकली. नारळ पाडायला आलेल्या पाडेलीला मी विनवलं, जाता जाता तेवढं काढ. त्याने मान वर करून नीट पाहिलं आणि म्हणाला, "अजून पिकूंक ना." वर झाडामागे जो दर असतो तो घेतलाच. एकदा ती कौलांवर गेली. तेव्हा मला एड हेड्रिकची आठवण झाली. आजच्या चकतीला वरून गोल खाचा पाडून ती नीट उडेल अशी करणारा हा गृहस्थ. तो म्हणायचा, चकतीवाले मेले की कुठेही जात नाहीत, छपरावर अडकून राहतात. 2002 साली तो गेला तेव्हा त्याच्या इच्छेनुसार घरच्यांनी त्याची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून चकत्या केल्या. आपल्याकडे रक्षा नदीत सोडतात ते बरं, निदान शेजाऱ्याच्या छपरावरून शिडी लावून उतरवावी लागत नाही.

आणि मग एक फेक कधी नव्हे ती सुरेख जमली. सपाट, फिरकीदार. आंब्याखालून निघून थेट वयनीच्या पडवीत. टायगरने मान वळवून तिचा मार्ग पाहिला आणि जागेवरून हलला नाही. थोड्या वेळाने वयनी पदर खोचून आली. हातात चकती, चकतीत नेवऱ्या.

"बाय, ताट आयलां तुजें. रितें कशें धाडूं?"

मी तिला समजावून सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण इतिहास तिच्याच बाजूचा आहे. अमेरिकेत ब्रिजपोर्ट गावात 1871 पासून फ्रिस्बी नावाची बेकरी होती. तिच्या 'पाय' नावाच्या पदार्थाच्या रिकाम्या थाळ्या येल विद्यापीठाची पोरं एकमेकांकडे भिरकवायची. पुढे कॅलिफोर्नियात फ्रेड मॉरिसन समुद्रकिनाऱ्यावर केकचा पत्र्याचा थाळा फेकत होता. कोणीतरी पाच सेंटचा तो थाळा पंचवीस सेंटला मागितला आणि त्याला धंदा सुचला. त्याची प्लास्टिकची चकती 1957 साली व्हॅम-ओ कंपनीने घेतली आणि तिला त्या बेकरीचं नाव दिलं. म्हणजे मुळात ते ताटच. फरक एवढाच की तिकडे ताट रिकामं असतं म्हणून उडतं, आणि आमच्याकडे दुसऱ्याचं ताट रिकामं परत गेलं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागतं.

नेवऱ्या मी घेतल्या. एक टायगरला दिली, हे मात्र पुतण्याला कळवलं नाही.

त्या नेवरीने धड्यांचा क्रमच बदलला. टायगरने सगळी प्रक्रिया एकदाच पाहिली होती: चकती जाते, वयनी येते, नेवरी येते. यात धावण्याची गरज कुठे आहे? दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आधीच त्याने चकती तोंडात धरली आणि आंब्याखालून चालत वयनीच्या पायरीवर नेऊन ठेवली. परत आणली ती उकड्या तांदळाच्या पेजेसकट, म्हणजे वयनीच घेऊन आली, हा पुढे. दिवाळीच्या सकाळी तो चार घरं फिरला. एका घरचे गुळातले फोव, दुसऱ्याचे ताकातले, तिसऱ्याचे दुधातले. तुळशीच्या लग्नाला चुरमुरे आणि उसाची कांडकी. आवळा त्याने तिथेच ठेवला. कुत्र्याने चकती माणसाच्या हातात आणून द्यावी म्हणून जाणकार दोन चकत्यांचा उपाय सांगतात: एक आणली की लगेच दुसरी फेकायची. आमच्याकडे हा प्रश्नच उरला नाही. चकती आणणारा, नेणारा आणि ती कोणाकडे न्यायची ते ठरवणारा टायगरच.

त्रास माझा सुरू झाला. गोव्यात असं घेतलेलं ताट फेडावं लागतं. वयनीला खीर गेली, माईंकडे घावने गेले, वरच्या वाड्यावरच्या मास्तरीणबाईंना माझ्या हातचं काही आवडत नाही म्हणून पोदेराकडून पोळ्या घेऊन पाठवल्या. कोणाचं कधी फेडलं ते मी आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवते. एकादशीच्या चौकोनात मास्तरीणबाई आल्यामुळे आमच्या ह्यांचा उपास एकदा मोडला.

गेल्या आठवड्यात पुतण्याचा फोन आला. चकती झेलण्याच्या स्पर्धेत साठ सेकंद मिळतात, जेवढ्या लांबचा झेल तेवढे गुण जास्त, आणि झेलताना चारी पाय हवेत असतील तर अर्धा गुण वर. तर काकी, साठ सेकंदांचा व्हिडिओ पाठव. मी पाठवला. टायगर चकती तोंडात धरून फाटकातून बाहेर पडतो, रस्त्याच्या दोन्ही बाजू बघतो, मोटारसायकल जाऊ देतो, माईंच्या पायऱ्या चढतो, आणि साठावं सेकंद सरायच्या आत माईंच्या सुनेसोबत परत येतो. चकतीत सांदणं. अंतर पाहिलं तर मैदानाच्या टोकाला जाईल एवढं. पाय मात्र चारही जमिनीवर.

बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग तो म्हणाला, "काकी, चकती फेकली कोणी?"

"कोणी नाही. तो स्वतःच घेऊन जातो."

"मग यात तुझं काम काय?"

मी म्हटलं, फोन ठेव रे, कढईत तेल तापलंय. माईंचं ताट आज गेलं पाहिजे आणि टायगर चकती घेऊन दारात उभा आहे.