पानात किती, अंगात किती?

शेवग्याच्या पाल्याची कॅप्सूल सध्या जोरात आहे. डबीवर हिरवं पान, खाली मोठ्या अक्षरात 'नैसर्गिक लोह'. किती लोह? तो आकडा डबीवर शोधून सापडत नाही, तेव्हा हिशेब आपणच करू. वाळवलेल्या पाल्यात 100 ग्रॅमला 28 मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, असं विकणारेच सांगतात. तेच खरं धरू. कॅप्सूलमध्ये भुकटी अर्धा ग्रॅम. म्हणजे लोह 0.14 मिलिग्रॅम. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला फुकट मिळणाऱ्या लाल गोळीत लोह असतं 60 मिलिग्रॅम. त्या एका गोळीची बरोबरी करायची तर सव्वाचारशेहून जास्त कॅप्सूल गिळाव्या लागतील. रोज.

पाचवीतल्या पोराला जमेल असा हा हिशेब आहे. तरीही डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी बाजूला ठेवून ही डबी घेणाऱ्या शिकल्यासवरल्या घरच्या बाया मी पाहते, आणि मला राग येतो. त्यांच्यावर नाही, डबी विकणाऱ्यांवर.

कारण प्रश्न लहान नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या दर शंभर बायकांपैकी 54 जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं. त्याआधीच्या पाहणीत त्या 48 होत्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये तर शंभरात जवळजवळ 69. पुढारलेलं म्हणवणाऱ्या राज्यात आकडा खाली यायच्या ऐवजी वर गेला. धाप लागणं, चक्कर येणं, बाळ कमी वजनाचं होणं, बाळंतपणात जीवावर बेतणं, एवढं सगळं त्या आकड्यामागे आहे. तिथे अर्ध्या ग्रॅमची भुकटी विकणं मला माफ करण्यासारखं वाटत नाही.

आता कुणी म्हणेल, म्हणजे पाला खायचा नाही? खायचा, भरपूर खायचा. तळकोकणात गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी होते, वरून ओलं खोबरं, सोबत आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ. परसातल्या झाडाचा पाला, फुकटचा, आणि तो पानात पडतो तो वाटीभर. चिमूटभर नव्हे. माठ, राजगिरा, अळू, चाकवत, तीळ, नाचणी, हळीव या सगळ्यांत लोह, जस्त, तांबं, मँगनीज आहेच. शरीराला ही सूक्ष्म खनिजं लागतात थोडी, पण लागतात रोज. लोह रक्तासाठी, जस्त वाढीसाठी आणि जखम भरून यायला, तांबं ते लोह वापरता यावं म्हणून. वाटीभर भाजीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. भांडण आहे ते भाजीचं नाव लावून विकल्या जाणाऱ्या चिमटीशी.

आणि वाटीभर भाजीतलंही सगळं अंगी लागत नाही. पानात किती आहे आणि पोटातून रक्तात किती उतरतं, हे दोन वेगळे आकडे आहेत. जाहिरात पहिला सांगते, दुसरा गिळते. वनस्पतीतल्या लोहापैकी शंभरात दहा भागही शरीर सहसा घेत नाही. धान्य-कडधान्यांतलं फायटेट आणि चहातलं टॅनिन त्याला धरून ठेवतं.

याची सगळ्यात बोलकी गोष्ट शिराझची आहे. आनंद प्रसाद हे मूळचे बिहारच्या बक्सरचे, पाटण्यात शिकलेले डॉक्टर. 1958 मध्ये ते इराणमधल्या शिराझला होते. तिथे त्यांच्यापुढे एक रोगी आला. वय 21, दिसायला दहा वर्षांचं पोर. दाढी-मिशीचा पत्ता नाही, यकृत आणि प्लीहा वाढलेली, रक्त कमी. आहार म्हणजे जवळपास नुसती गव्हाची रोटी, आणि त्यावर रोज अर्धा किलो माती खायची सवय. त्या भागात असे आणखी तरुण निघाले. प्रसादांना संशय आला जस्ताचा. त्या काळी माणसाला जस्त कमी पडू शकतं हेच कुणी मानत नव्हतं. पुढे इजिप्तमध्ये अशाच तरुणांची तपासणी झाली, जस्त खरोखरच कमी निघालं, आणि ते औषध म्हणून दिल्यावर ही खुंटलेली मुलं वर्षभरात पाच-सहा इंच वाढली. रोटीतल्या गव्हात जस्त होतं की! पण फायटेटने ते आतड्यात सुटूच दिलं नाही. प्रयोगशाळेत नुसतं पीठ मोजलं असतं तर सगळं ठीक दिसलं असतं.

आपल्या स्वयंपाकघरात यावरचे उपाय जुने आहेत आणि ते विज्ञानाच्या कसोटीला उतरतात. नाचणीला मोड आणून दळणं, आंबील आंबवणं, कडधान्य रात्रभर भिजवणं यांनी फायटेट कमी होतं. पालेभाजीवर लिंबू पिळलं, जेवणात आवळा किंवा पेरूची फोड असली तर लोह जास्त शोषलं जातं, कारण क जीवनसत्त्व. लोखंडी कढईत चिंच-आमसुलाचं आंबट शिजलं तर कढईचंच लोह अन्नात उतरतं. उलट जेवणावर लगेच कपभर चहा घेतला की शोषण निम्म्यावर येऊ शकतं. जेवण आणि चहा यांत तास-दीड तास जाऊ द्या, एवढा एक बदल डबीपेक्षा जास्त काम करील आणि त्याला एक पैसा पडणार नाही.

हर्बल म्हणून खनिज विकणाऱ्यांनी एक मूलभूत गोष्ट झाकून ठेवली आहे. झाड जीवनसत्त्व तयार करतं. खनिज तयार करू शकत नाही. ते मातीतून येतं, आणि मातीत जे असेल तेच येतं. महाराष्ट्रातल्या पुष्कळ जमिनींत जस्त कमी आहे, म्हणून तर शेतकरी झिंक सल्फेट टाकतो. सेलेनियमचं पाहा. चीनच्या केशान भागातल्या मातीत ते इतकं कमी की तिथलंच धान्य खाणाऱ्यांना हृदयाचा आजार जडला, त्याला नावच केशान रोग पडलं. आणि आपल्या पंजाबात नवांशहर-होशियारपूर पट्ट्यात काही शेतांत ते इतकं जास्त, की तिथलं खाऊन जनावरांचे खूर सडले, माणसांचे केस गळले, नखं झडली. दोन्हीकडे धान्यच, दोन्हीकडे अस्सल नैसर्गिक. म्हणून 'वनस्पतिजन्य' या शिक्क्याने खनिजाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. कुठल्या मातीतली वनस्पती, आणि मोजली कुणी, एवढं विचारा.

शिलाजीतवाले तर '85 खनिजं' म्हणून ओरडत असतात. माणसाला खरोखर लागणारी सूक्ष्म खनिजं आठ-नऊच आहेत: लोह, जस्त, तांबं, मँगनीज, आयोडीन, सेलेनियम, मॉलिब्डेनम, ब-12 मधलं कोबाल्ट; क्रोमियमबद्दल अजून वाद आहे. निसर्गात सापडणारी मूलद्रव्यं जेमतेम नव्वदच्या घरात. त्यांतली 85 एका डबीत असतील, तर शिसं, पारा, आर्सेनिक आणि कॅडमियम त्यातच आले. ही आकडेवारी विक्रीसाठी नव्हे, तक्रारीसाठी वापरायला हवी.

ही भीती हवेतली नाही. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोस्टनच्या परिसरातल्या दुकानांतून दक्षिण आशियात बनलेली 70 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली गेली. 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंटरनेटवरून मागवलेल्या 193 उत्पादनांचं तसंच झालं, पाचांत एक. काहींत धातू मुद्दाम घातलेला असतो, भस्म म्हणून. काहींत मातीतून, दळणातून शिरतो. आपल्या आयुर्वेदिक औषधकोशातच शिशाची मर्यादा दशलक्षात 10 भाग अशी घातलेली आहे. नियम आहेत. प्रत्येक घाण्याची तपासणी करून तिचा अहवाल डबीवरच्या क्रमांकासह उघडा ठेवणं कंपन्यांना अवघड नाही. ज्या ठेवत नाहीत, त्यांचं घेऊ नका. गरोदर बाईने तर मुळीच नाही, कारण शिसं वारेतून बाळापर्यंत पोहोचतं.

डबीचं गिऱ्हाईक कुठून येतं, हेही पाहायला हवं. लाल गोळीने मळमळतं, पोट साफ होत नाही, शौच काळी होते, मग बाई घाबरते आणि गोळी सोडते. तिला आधी कुणी सांगितलेलं नसतं की शौच काळी होणं हे निरुपद्रवी आहे. गोळी चौथ्या महिन्यापासून 180 दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी 180 दिवस घ्यायची असते, हेही पुष्कळींना माहीत नसतं. आशाताई सांगतात, पण एकेका आशाताईच्या डोक्यावर कामं किती, ते गावात जाऊन पाहावं. ही मोकळी राहिलेली जागा जाहिरात भरते: आमची नैसर्गिक, पोटाला त्रास नाही. त्रास होणार कसा, आत लोहच नाही.

शिवाय प्रत्येक पांढरा चेहरा लोहाच्या कमतरतेचा नसतो. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत सिकलसेलची कुटुंबं आहेत, सिंधी आणि इतर काही समाजांत थॅलेसेमिया आहे. तिथे लोह वाढवणारी भुकटी कामाची नाही, आणि चुकीच्या भरवशावर गेलेले महिने मुलाला महाग पडतात. आधी रक्त तपासा.

गोळी सोसत नसेल तर ती रात्री जेवणानंतर घ्या, लिंबू-पाण्याबरोबर, चहा-दुधाबरोबर नाही. तरी त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा. मात्रा बदलता येते, गोळी बदलता येते, गरज पडल्यास शिरेतूनही लोह देता येतं. बाळंतिणीला हळिवाचे लाडू जरूर करा, हळीव नारळाच्या पाण्यात भिजवून, खोबरं-गूळ घालून, पण गोळीच्या जोडीने, गोळीच्या बदल्यात नको. आणि महिन्याभराने हिमोग्लोबिन पुन्हा तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते फुकट होतं.